एका चावीची बासरी: बरोक सुषिरवाद्यांच्या एका सॅम्पल-संचाचे परीक्षण

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि त्या धामधुमीत मुंबईच्या इंग्रजांनी कॅप्टन विल्यम गॉर्डन याला छत्रपती शाहू महाराजांकडे वकील म्हणून धाडले. या प्रसंगावर साताऱ्यातील एका हौशी नाट्यमंडळाने यंदा एकांकिका बसवली आणि तिच्या पार्श्वसंगीताचे काम माझ्याकडे, म्हणजे सांगलीत विश्रामबागेतल्या एका खोलीत संगणक, मिडी कीबोर्ड आणि दोन स्पीकर मांडून बसलेल्या माणसाकडे आले. दिग्दर्शकांची अपेक्षा अशी होती की रात्री राहुटीत एकटा बसलेला गॉर्डन आपल्या देशाची आठवण काढतो तेव्हा त्याच्या कानातले सूर प्रेक्षकांनाही ऐकू यावेत, आणि ते सूर चित्रपटात साहेब आला की वाजतात तसले सरधोपट इंग्रजी नसून त्या माणसाच्या काळातले असावेत. काळ जुळवणे सोपे होते. शाहू महाराजांचा जन्म १६८२ चा, बाख आणि हॅन्डेल दोघेही १६८५ चे. अडचण वाद्यांची होती, कारण आजच्या वाद्यवृंदातली धातूची चावीदार बासरी म्हणजे थेओबाल्ड बोहम याने १८४७ मध्ये सिद्ध केलेली रचना आहे. गॉर्डनच्या हयातीत वाजणारी बासरी लाकडाची, सहा भोकांची आणि एकाच चावीची होती. अशी बासरी वाजवणारा माणूस सांगली-साताऱ्यात मला सापडला नाही. म्हणून त्या काळच्या, म्हणजे बरोक काळातल्या, सुषिरवाद्यांचा (फुंकून वाजवायच्या वाद्यांचा) हा सॅम्पल-संच विकत घेतला.

संच युरोपातल्या एका लहान कंपनीचा आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे मी जे दोष सांगणार आहे ते एका संगणकावर आणि एका कामापुरते पाहिलेले आहेत. ज्या कसोट्या मी लावल्या त्या मात्र या जातीच्या कोणत्याही संचाला लावता येतील.

सॅम्पल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आठवावा. आरंभीच्या यंत्रांत स्वर विजेने घडवलेला असे. पुढे खऱ्या तंबोऱ्याचे छेड ध्वनिमुद्रित करून तेच पुनःपुन्हा वाजवण्याची पद्धत आली. सॅम्पल-संचात हेच काम फार बारकाईने केलेले असते. प्रत्येक स्वर हळू, मध्यम आणि जोरात असा वेगवेगळा मुद्रित करतात, एकाच स्वराचे दोनचार नमुने घेतात म्हणजे लागोपाठ वाजवताना यंत्राचा ठोका ऐकू येत नाही, आणि चांगल्या संचात एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचा क्षणही, म्हणजे लेगाटो, स्वतंत्र मुद्रित केलेला असतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराला हा सगळा खटाटोप कदाचित हास्यास्पद वाटेल. पण ज्याच्या दारात वाद्य नाही त्याला याहून दुसरा मार्ग नाही.

या संचात चार वाद्ये आहेत: ट्रॅव्हर्सो म्हणजे आडवी लाकडी बासरी, एफ पट्टीचा ट्रेबल रेकॉर्डर, बरोक ओबो आणि बरोक बसून. लंडनचे स्टॅन्सबी आणि ब्रेसन, न्यूरेंबर्गचा डेनर अशा कारागिरांची मूळ वाद्ये आज संग्रहालयांत जपलेली आहेत आणि आजचे वादक बहुधा अशा जुन्या वाद्यांच्या मोजमापांवरून केलेल्या प्रतिकृती वाजवतात. या संचातील वाद्येही प्रतिकृतीच आहेत. संच उतरवून घ्यायला दोन रात्री गेल्या, त्यातली एक विजेच्या लपंडावामुळे, आणि साध्या हार्ड डिस्कवर तो अडखळतो म्हणून तो एसएसडीवर हलवावा लागला. यापलीकडे बसवण्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

ट्रॅव्हर्सोविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण संचाचे सारे मोल तिच्यात आहे.

बॉक्सवूड नावाच्या पिवळसर, दाट पोताच्या लाकडाची ही बासरी तोंडाकडून शेवटाकडे आत निमुळती होत जाते. तिची सहा भोके क्रमाने उघडत गेले की डी मेजरची सप्तक बऱ्यापैकी सरळ मिळते आणि करंगळीखालची एकमेव चावी डी शार्पसाठी असते (शार्प म्हणजे अर्धा स्वर चढा, फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर उतरलेला). उरलेले स्वर काढायला मधले भोक उघडे ठेवून खालची झाकावी लागतात. अशा बोटांनी येणारे एफ, जी शार्प आणि बी फ्लॅट हे स्वर बुजरे, थोडे पडद्याआडून आल्यासारखे असतात, तर डी, ए हे शेजारी मोकळे आणि खणखणीत. आजच्या बासरीत प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा असावा म्हणून बोहमने भोके ध्वनिशास्त्राच्या हिशेबाने मोठी केली आणि चाव्यांची यंत्रणा बसवली. जुन्या बासरीत ते समान वजन नाही, आणि त्या काळचे रचनाकार हे ओळखून लिहीत. डी मेजर उजळ आणि सी मायनर झाकोळलेले हा त्यांच्यासाठी नुसता कल्पनेचा खेळ नव्हता, तो बोटांखाली मिळणारा प्रत्यक्ष फरक होता.

म्हणून अशा संचाची पहिली कसोटी म्हणजे डी मेजरची आणि सी मायनरची सप्तक एकापाठोपाठ वाजवून पाहणे. दोन्ही सारख्याच गुळगुळीत वाजल्या तर समजावे की ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी स्वरांना इस्त्री फिरवली आहे. या संचातील ट्रॅव्हर्सो कसोटीला उतरते. तिचा बी फ्लॅट ऐकताना मी पहिल्यांदा स्पीकरची वायर सैल झाली असे समजून मागे जाऊन पाहिले. नंतर लक्षात आले की तो स्वर असाच असतो आणि त्यांनी तो तसाच ठेवला आहे. सॅम्पल करणाऱ्याला हे धैर्य सहजासहजी होत नाही, कारण विकत घेणारे शंभरातले बरेच जण या गोष्टीला दोष म्हणूनच नोंदवतील.

दुसरी कसोटी कंपनाची. हॉटेतेर या फ्रेंच वादकाने १७०७ मध्ये छापलेल्या बासरीवरील ग्रंथात 'फ्लॅटमां' नावाचा एक अलंकार सांगितला आहे. त्यात श्वास हलत नाही. एखाद्या भोकाच्या कडेवर बोट हलके खालीवर करून स्वर किंचित उतरवायचा आणि पुन्हा जागेवर आणायचा. म्हणजे हे कंपन स्वराच्या वर कधी जात नाही, फक्त खाली झुकते. आपल्याकडे आंदोलित कोमल गांधार ज्यांनी मन लावून ऐकला आहे त्यांना यातली गोडी समजावून सांगावी लागणार नाही. श्वासाने केलेल्या आजच्या व्हायब्रेटोत स्वराचे मोठेपणच वरखाली होत राहते. या संचात फ्लॅटमां स्वतंत्र मुद्रित केलेली आहे आणि कीबोर्डच्या अगदी डावीकडचा एक स्वर, म्हणजे कीस्विच, दाबला की ती सुरू होते. त्रुटी एवढीच की तिचा वेग ठरलेला आहे. वादक हळू सुरू करून हळूहळू वेग वाढवतो, ते येथे साधत नाही. लांब स्वराच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शातच कीस्विच दाबण्याची सवय लावून घेतली, की हा दोष बराचसा झाकला जातो.

लेगाटोही ट्रॅव्हर्सोत खरा आहे, म्हणजे दोन स्वरांमधला सांधा मुद्रित केलेला आहे. झाकल्या बोटांच्या स्वरावरून मोकळ्या स्वरावर जाताना मध्ये बोटांची अगदी हलकी चूक ऐकू येते, तीही त्यांनी काढून टाकलेली नाही. जिभेच्या आघाताचे तीन प्रकार दिले आहेत. क्वान्ट्झ या बासरीवादकाने १७५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'ति', 'दि', 'तिरि' अशा अक्षरांनी जिभेचे बोल शिकवले आहेत. तबल्याच्या बोलांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हे काही नवे वाटणार नाही. संचातले तीन आघात या बोलांच्या जवळ जातात, पण 'तिरि'मधली लंगडी चाल, म्हणजे जोडीतला पहिला स्वर आखूड आणि दुसरा लांब, ही आपली आपणच हाताने साधावी लागते. ती ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या चौकटींत, माउसने स्वर ठेवून येत नाही. मी तीन दिवस ग्रिडवर झटलो आणि चौथ्या दिवशी ते सगळे पुसून कीबोर्डवर सरळ वाजवले.

आता पट्टीविषयी. आज बरोक संगीत वाजवणारे वादक सोयीसाठी ए हा स्वर ४१५ हर्ट्झला धरतात, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा अर्धा स्वर खाली. फ्रेंच धाटणीसाठी ३९२ धरतात, म्हणजे पूर्ण एक स्वर खाली. त्या काळी गावोगावी पट्टी वेगळी होती, हे आकडे आजच्या वादकांनी सोयीचे म्हणून स्वीकारलेले आहेत. पेटीच्या भाषेत सांगायचे तर ४१५ चा ए म्हणजे आपली काळी चार आणि ३९२ चा ए म्हणजे पांढरी पाच. यातून एक मजेदार योग जमतो: ४१५ च्या ट्रॅव्हर्सोचा मूळ स्वर डी हा आजच्या पेटीवर काळी एकवर येतो, आणि काळी एक ही आपल्या कितीतरी पुरुष गायकांची पट्टी. एकांकिकेत शेवटी गॉर्डनच्या सुरांखाली मला तंबोरा हवा होता. एकही स्वर इकडचा तिकडे न करता तो मिळाला.

हा तंबोरा ट्रॅव्हर्सोखाली धरल्यावर संचातली सर्वांत मोलाची गोष्ट हाती लागली. संच उघडल्यावर स्वरांची मांडणी समान तानमानाची, म्हणजे पेटीसारखी असते. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असतो आणि पेटीचा गांधार ४०० वर. हा १४ सेंटचा चढेपणा तंबोऱ्यासमोर लगेच बोचतो. सांगलीच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, कारण याच शहरातील कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या प्रयोगांना मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार होता. डी हा षड्ज धरला तर गांधार म्हणजे एफ शार्प, आणि एक चावीच्या बासरीवरचा एफ शार्प मुळातच किंचित उतरलेला असतो. संचात एका कोपऱ्यात, सहज नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, 'मुद्रित सूर' अशा अर्थाचे एक बटण आहे. ते दाबले की संगणकाने केलेली सगळी दुरुस्ती निघून जाते आणि बासरी वादकाने जशी वाजवली तशी ऐकू येते. ते दाबल्यावर एफ शार्प खाली सरकला आणि तंबोऱ्याच्या गांधाराजवळ जाऊन बसला. पडद्यावर ट्यूनर लावून पाहिले तर अजूनही दोनतीन सेंटचा फरक दिसत होता. कानाला तो जाणवत नव्हता.

याच बटणामुळे बाकीच्या तानमानांच्या, म्हणजे स्वर जुळवण्याच्या पद्धतींच्या, यादीचे मला फारसे कौतुक राहिले नाही. यादीत क्वार्टर-कॉमा मीनटोन आहे, व्हॅलोटी आहे, वेर्कमाइस्टर आहे. पण ही सारी मुख्यतः कळफलकाच्या वाद्यांसाठी आहेत, जिथे सप्तकात बाराच पट्ट्या असतात आणि डी शार्प व ई फ्लॅट यांना एकाच पट्टीवर नांदावे लागते. सुषिरवाद्याला ती सक्ती नाही. बरोक वादक ई फ्लॅट हा डी शार्पपेक्षा चढा धरत, आणि क्वान्ट्झने तर या दोन स्वरांसाठी आपल्या बासरीला दोन वेगवेगळ्या चाव्या बसवल्या. कीबोर्डवरून वाजवताना हा भेद हरवतोच; पिच व्हीलने, म्हणजे स्वर वरखाली करणाऱ्या चाकाने, तो एकेका स्वरापुरता भरून काढता येतो आणि मी तो तसाच काढला. आणखी एक खोट अशी की संच ट्रान्सपोज केला तरी तानमानाचा आधारस्वर सी हाच राहतो, त्यामुळे मीनटोन निवडून पट्टी बदलली की नको त्या जागी स्वर खरखरतात. पहिल्या दिवशी मी हा दोष माझ्या कानांचा समजलो होतो.

रेकॉर्डर या तुलनेत थोडक्यात आटोपता येईल. आठ भोकांचे, तोंडाशी लाकडी ठोकळा बसवलेले हे वाद्य दिसायला जत्रेतल्या पिपाणीच्या जातीचे, पण त्या काळी लंडनच्या घराघरांत शिकले जाणारे. त्याची अट कडक आहे: फुंक वाढवली की स्वर चढतो. म्हणून वादक मोठेपण फारसे बदलत नाही, आणि बदललेच तर बोटे बदलून चढलेला स्वर सावरतो. संचात मॉड व्हील, म्हणजे आवाजाचा जोर बदलणारे कीबोर्डवरचे चाक, पुढे ढकलले की तीन पातळ्यांची सॅम्पल एकमेकांत मिसळत जातात, आणि मधल्या टप्प्यावर दोन वेगळी मुद्रणे एकाच वेळी वाजू लागल्यामुळे क्षणभर दोन रेकॉर्डर वाजत असल्याचा भास होतो. एकट्या वाद्यात हे लपत नाही. उपाय असा की व्हील एका जागी ठेवावे आणि त्याला हातच लावू नये. मग हे वाद्य छान वाजते, आणि खऱ्या रेकॉर्डरच्या स्वभावालाही ते धरूनच आहे.

ओबोने मात्र निराशा केली, आणि ती नेमकी कशाने हे सांगणे आवश्यक आहे. बरोक ओबो दोनतीन चाव्यांचा, रुंद पत्तीचा, आजच्या ओबोपेक्षा उबदार आणि किंचित घोगरा. त्याच्या जुन्या फ्रेंच नावाचा अर्थच मोठ्या आवाजाचे लाकूड असा आहे. पत्तीच्या दृष्टीने तो आपल्या सनईचा नातलग. ट्रॅव्हर्सोप्रमाणे त्यातही झाकल्या बोटांचे स्वर वेगळे ऐकू यायला हवेत. येथे ते येत नाहीत. सी शार्प, डी आणि ई फ्लॅट हे तीन स्वर लांब धरून ऐकले तेव्हा तिन्हींच्या आरंभी पत्तीची अगदी तीच बारीकशी 'टिक' आली, खालच्या स्वरात जरा लांब आणि वरच्या स्वरात जरा आखूड. कंपनही अर्धा स्वर चढल्याबरोबर तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास, वेगवान झालेले. याचा अर्थ एकच मुद्रण ताणून आणि दाबून तीन स्वरांसाठी वापरले आहे. स्वर ताणला की त्याच्याबरोबर वाद्याच्या नळीचा घुमाराही ताणला जातो, आणि मग तीन शेजाऱ्यांचा स्वभाव एकच होऊन बसतो. आधुनिक वाद्याच्या संचात अशी काटकसर एक वेळ खपून जाते. ज्या वाद्याची ओळखच स्वरागणिक बदलणाऱ्या रंगात आहे, तिथे ती खपत नाही. कंपनीला ही गोष्ट मी लिहून कळवली. पुढील आवृत्तीत पाहू, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले.

चौथे वाद्य बसून; तो चार ओळींपलीकडे वापरला नाही. खर्जाला बरा आहे.

मिक्स करताना आणखी एक गोष्ट हाताने सावरावी लागली. चारही वाद्ये सारख्याच मोठेपणाने दिलेली आहेत, वास्तविक ट्रॅव्हर्सो हे मृदू वाद्य आहे, ओबोसमोर ती सहज झाकली जाते. मी तिला सहा डेसिबलने खाली आणले तेव्हा कुठे चित्र खरे वाटू लागले. संचात जवळचा माइक आणि दालनातला माइक असे दोन आवाज वेगळे दिले आहेत, ही चांगली सोय आहे. सवयीने दालनाचा आवाज पुष्कळ मिसळला होता, तालमीला दिग्दर्शक म्हणाले, "सर, गॉर्डन राहुटीत बसलाय, चर्चमध्ये नाही." कापडी राहुटीत आवाज घुमत नाही. दालनाचा माइक पूर्ण बंद केला, आणि बासरी एकदम शेजारी येऊन बसल्यासारखी झाली. फुंकेची सळसळसुद्धा ऐकू येऊ लागली. शाहू कलामंदिरात प्रयोगाच्या दिवशी मागच्या रांगेत बसून ऐकले तेव्हा सळसळ तिथवर पोहोचत नव्हती, पण बी फ्लॅटचा बुजरेपणा पोहोचत होता, आणि मला तेवढे पुरेसे होते.

घ्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर वापरणाऱ्याच्या कामावर अवलंबून आहे. ज्यांना पार्श्वसंगीतात नुसती जुनी इंग्रजी हवा हवी आहे त्यांचे काम कोणत्याही साध्या बासरीच्या सॅम्पलने, थोडे वरचे स्वर कापून, भागेल. ज्यांना त्या काळची बासरी आपल्या संगीताशेजारी ठेवून पाहायची आहे त्यांच्यासाठी ट्रॅव्हर्सो किमतीला उतरते. सुदैवाने या संचातील वाद्ये सुटी सुटीही विकत मिळतात आणि सुटी ट्रॅव्हर्सो पूर्ण संचाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शात पडते. मी हे पैसे भरल्यानंतर पाहिले. ओबोसाठी लिहिलेली ओळ मी प्रयोगाच्या आठवडाभर आधी काढून टाकली आणि महाराजांच्या भेटीच्या प्रसंगाला साताऱ्याच्या दोन सनईवाल्यांना विंगेत बसवले. त्यांनी विचारले, पट्टी कोणती? काळी एक, असे सांगितले.